कच्चं दूध

(बोत्स्वाना. माऊन गावाबाहेरचा सफारीचा तळ, सकाळ. गाडी निघायला थोडा वेळ आहे. गाडीवरची स्वयंपाकीण गोराता फोनवर बोलते आहे. पलीकडे ग्वेटा गावाहून तिची आई. तिकडे पुरुषाला आदरानं रा, बाईला मा म्हणतात आणि नमस्काराला दुमेला.)

गोराता : म्हणजे रात्रीपासून काहीच नाही?

आई : काहीच नाही कसं? पावडरचं दूध चार चमचे घेतलं आणि पाच चमचे माझ्या अंगावर काढलं.

गोराता : थट्टा नको गं, आई. मी काढून ठेवलेलं सगळं संपलं?

आई : कालच संपलं. तुझी लेक पिते म्हणजे वासरू पितं तशी.

गोराता : लंगोट ओले होतायत ना? शेवटचा कधी बदललास? टाळूवरून बोट फिरव बरं, खोल गेल्यासारखी लागते का बघ.

आई : टाळू आहे तिथेच आहे. तुला मी याच हातांनी वाढवलं, तेव्हा असले प्रश्न विचारायला कोणी नव्हतं. म्हटलं बोटभर आंबील चाटवावी...

गोराता : आई, नाही. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलंय, सहा महिने आंबील नाही, पाणीसुद्धा नाही. चाटवलीस का?

आई : बोट तोंडाजवळ नेलं. तिनंच तोंड फिरवलं. तुझ्यावर गेलीय.

गोराता : ऐक. गाडी आज दुपारी गावावरूनच जाते. माझ्याजवळ दूध आहे, रोज पहाटे काढून बर्फात ठेवलंय. तेवढ्यावर मी परत येईपर्यंत निभेल. मी घेऊन येते.

आई : गाडी थांबेल?

गोराता : थांबवते.

आई : त्या ड्रायव्हरला सांगितलंस?

गोराता : नाही.

आई : अजून नाही?

गोराता : त्याला लेकुरवाळी बाई गाडीवर नको आहे, आई. नोकरीला घेताना पहिलं तेच विचारलं त्यानं. घरी लहान कोणी? मी नाही म्हटलं. ही पहिली फेरी नीट पार पडू दे. त्यानं ऑफिसात एक शब्द वाकडा टाकला, तर दुसरी फेरी मिळायची नाही. मग पावडरीचे डबे तरी कशानं आणू?

आई : जिला दूध नाही तिच्यापर्यंत पोचायचं आणि कोणाला कळू द्यायचं नाही. शिकलीस खरी तू.

गोराता : आई.

आई : आणि एक लक्षात ठेव. तशीच धावत आत यायचं नाही. दारात ओंडका आडवा टाकलाय मी.

गोराता : पुन्हा? तो नव्या बाळासाठी असतो. चार महिन्यांची झाली ती.

आई : झाली असेल. पण किरकिरी झालीय, परवा अंगही कोमट होतं. ओंडका बघून शेजारीण बाहेरूनच बोलून जाते, तसं तूही बाहेर बसायचं. रस्ता पायाला चिकटून येतो. गरम पायांनी बाळाजवळ येऊ देणार नाही मी कोणाला.

गोराता : मी तिची आई आहे.

आई : म्हणून तर तुला जास्त कळायला हवं. ठेवते. उठली बघ.

गोराता : रडण्याचा आवाज कसा आहे? कोरडा आहे का? आई? ...आई?

*

मोएंग (ड्रायव्हर) : दार नीट ओढ. हं. पाहुणे बसले मागे? त्या दोघी बहिणी टोपी राहिली म्हणत होत्या.

गोराता : मिळाली, रा. सगळे बसले. निघू या.

मोएंग : आज फार घाई तुला. बरं, आता मला सांग, सकाळी माझ्या चहात दूध का नव्हतं?

गोराता : होतं की, रा मोएंग. खोक्यातलं घातलं होतं.

मोएंग : खोक्यातल्या दुधाला खोक्याचीच चव येते. मी ते दुसरं म्हणतोय. बर्फाच्या पेटीत तळाशी लपवलंयस ते. जॅमच्या बरण्यांतलं.

गोराता : ...तुम्हाला कसं माहीत?

मोएंग : माझी गाडी आहे, पोरी. सावुटीच्या मुक्कामाला पाहुण्यांसाठी बर्फ काढायला हात घातला, तर हाताला बरणी. वर साय, खाली निळसर. म्हटलं, शेळीचं दिसतंय. चहात घातलं, आणि खरं सांगतो, लहानपणी आमच्या गुरांच्या वाडीवर असायचो तेव्हाची आठवण झाली.

गोराता : तुम्ही प्यायलात ते?

मोएंग : मग काय बघत बसू? एक बरणी सावुटीला, एक ख्वाई नदीवर. काल रात्री अर्धी. साखरसुद्धा कमी लागते त्याला.

गोराता : अर्धी काल रात्री.

मोएंग : तोंड का असं करतेस? तारीफ चाललीय तुझी. बायकोला फोनवर म्हटलं, ही नवीन पोरगी फार लक्ष ठेवून असते. म्हाताऱ्याला खोक्यातलं चालत नाही हे तिनं न सांगता ओळखलं आणि कुठल्याशा वस्तीवरून शेळीचं मिळवलं. माझी बायको काय म्हणाली माहितीय? म्हणाली, मग तिच्याकडूनच वाढून घ्या जन्मभर.

गोराता : बाकीच्या बरण्या आहेत ना पण? त्यांना हात नाही लावलात?

मोएंग : आहेत, आहेत. कंजूषच आहेस. अरे, गाढवं बघ ही. भर रस्त्यात सभा भरलीय. चला, चला, उठा, तुमचा ठराव मंजूर.

गोराता : रा, एक विचारू?

मोएंग : विचार.

गोराता : ग्वेट्यात थोडा वेळ थांबता येईल? माझी आई राहते तिथे. डाकघराच्या मागेच घर आहे.

मोएंग : आजारी आहे?

गोराता : नाही. धडधाकट आहे.

मोएंग : मग फेरी संपली की भेट. आज नाही. पाहुणे नाटाच्या खाऱ्या तळ्यावर सूर्य बुडायच्या आत पोचले पाहिजेत. रोहित पक्षी बघायला आलेत ते इतक्या लांब. तो उंच म्हातारा दुर्बीण गळ्यात घालून झोपतो.

गोराता : अगदी थोडाच वेळ, रा.

मोएंग : थोडाच वेळ नसतो गोराता, मी ओळखून आहे. सफारीच्या गाडीला एकदा घराची सवय लागली की ती सुटत नाही. मागच्या हिवाळ्यात माझ्याबरोबर दिनेओ होती. हाताला चव अशी की पाहुणे ताट चाटायचे. घरी तान्हं मूल. सावुटीच्या पुढे वाळूत आम्ही, तिला निरोप आला, मूल आजारी. दुसऱ्या सकाळी समोरून येणाऱ्या गाडीत बसून गेली. मी आणि आठ पाहुणे. फेरी संपेपर्यंत त्यांनी डब्यातल्या घेवड्यावर दिवस काढले आणि परत जाऊन माझ्या नावानं काय काय लिहिलं. तेव्हाच ठरवलं. म्हणून तर तुला पहिलं तेच विचारलं.

गोराता : हो. विचारलंत.

मोएंग : तू बरी. मोकळी. कसली ओढाताण नाही. आता हे बघ, फाटक येईल. गुरांच्या रोगाचं फाटक. मांस सगळं भाजलंस?

गोराता : पहाटेच भाजलं. कच्चा तुकडा एक नाही पेटीत.

मोएंग : शाबास. आणि दूध?

गोराता : कसलं दूध?

मोएंग : अगं, शेळीचं. कच्चं मांस जसं पलीकडे जात नाही तसंच कच्चं दूध. लाळ्या खुरकूत दुधातूनही पसरतो. तुला हे शिकवलं नाही कोणी?

गोराता : माहीत आहे. पण ते... ते दूध आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मोएंग : दूध आहे हे डोक्यात आलं नाही? ऊन लागलंय तुला. थांब, त्या बाभळीखाली गाडी घेतो. गॅस काढ, सगळं एका पातेल्यात उकळ, पाहुण्यांना चहा पाजू. त्या उंच म्हाताऱ्याला दोन कप. वाया तरी जायला नको.

गोराता : नको. नको, रा.

मोएंग : का नको?

गोराता : नासलंय ते.

मोएंग : रात्री तर खीर होती.

गोराता : आज नासलं. सकाळी बघितलं मी.

मोएंग : मग पेटीत कशाला ठेवलंयस? दे फेकून इथेच.

गोराता : फाटकावर फेकते. तिथं खड्डा असतो ना त्यासाठी. रस्त्यावर कशाला.

मोएंग : हं. कॉलेज शिकलेली स्वयंपाकीण. रस्त्याचीसुद्धा काळजी.

*

मा-कोपानो (फाटकावरची तपासनीस) : दुमेला, रा. गाडी तिथेच राहू दे. सगळे उतरा. त्या ओल्या पोत्यावर पाय ठेवून पलीकडे जायचं. पिशवीतले जोडेसुद्धा बाहेर.

मोएंग : दुमेला, मा. सांगितलंय त्यांना. तो उंच म्हातारा विचारतोय, पोत्याचा फोटो काढू का.

मा-कोपानो : काढू दे. माझा नको म्हणावं. पोतं सोड्याच्या पाण्यात भिजवलंय, हात लावू नका म्हणावं. आणि तू गं? तुझे पाय?

गोराता : ठेवते, मा. हे बघा. दोन्ही.

मा-कोपानो : बर्फाची पेटी उघड. हे काय?

गोराता : कोंबडी. भाजलेली. ते बकऱ्याचं, तेही भाजलेलंच.

मा-कोपानो : आतपर्यंत भाजलंय?

मोएंग : मा, तिच्या हातचं मांस नको इतकं भाजलेलं असतं. दातांना विचारा माझ्या.

मा-कोपानो : तुमचे दात मला दाखवू नका, रा. बर्फ बाजूला कर, पोरी. आणखी. तळापर्यंत. या बरण्या कसल्या? दूध? उकळलेलं की कच्चं?

मोएंग : कच्चं, मा. खोटं कशाला बोलू. कुठल्याशा वस्तीवरचं शेळीचं. पण ते नासलंय, ही स्वतःच म्हणाली. द्या ओतून. आम्हाला पुढं लांब जायचंय.

मा-कोपानो : बरं झालं कबूल केलंत. नाहीतर त्याचं आणखी लचांड. आण इकडे. औषधाच्या खड्ड्यात ओतते सगळं. झाकण घट्ट बसवलंयस गं, हात तुटायची वेळ.

गोराता : मा, ओतू नका.

मा-कोपानो : नासलेल्याचं लोणचं घालायचंय?

गोराता : नासलेलं नाही. मी खोटं बोलले. शेळीचंही नाही.

मा-कोपानो : मग गाईचं. तेही चालत नाही.

गोराता : माझं आहे.

मा-कोपानो : तुझंच असणार, तुझ्या पेटीत आहे म्हणजे. नियम सगळ्यांना सारखा.

गोराता : तसं नाही, मा. माझं आहे. माझ्या अंगाचं. मला मुलगी आहे, चार महिन्यांची. ग्वेट्यात आहे, आईजवळ. रात्रीपासून तिनं धड काही घेतलेलं नाही. एवढं पोचवायचं होतं फक्त. पाहिजे तर मांस सगळं ठेवून घ्या. हे नका ओतू.

मा-कोपानो : रा, तुम्ही का खाली बसलात?

मोएंग : काही नाही. ऊन.

मा-कोपानो : सावलीत बसलायत तुम्ही.

मोएंग : मी... मा, मी ते चहात घातलं. सावुटीपासून.

मा-कोपानो : काय घातलं?

मोएंग : मला शेळीचं वाटलं.

मा-कोपानो : अरे देवा. थांबा, मला जरा टेबलाला टेकू द्या. चहात? आणि कळलं नाही?

मोएंग : साखर कमी लागते एवढं कळलं.

मा-कोपानो : हसवू नका, मी सरकारी कपड्यात आहे. पाहुणे बघतायत. हं. आता ऐक, पोरी. तू म्हणतेस म्हणून मी मानायचं? इथं रोज कोणी ना कोणी येऊन सांगतं, मांस कुत्र्यासाठी आहे, दूध औषधासाठी आहे. मला कसं कळणार?

गोराता : मी काय दाखवू, मा? तिचा फोटो आहे फोनमध्ये. हा बघा. हा जन्मली त्या दिवशीचा. हा मागच्या आठवड्यातला.

मा-कोपानो : फोटो तर माझ्याकडेही आहेत चौघांचे. राहू दे. शर्टाकडे बघ तुझ्या. झाकू नकोस. लेकीचं नाव काढलंस आणि पाझरायला लागलं. दोन्हीकडून.

मोएंग : मला वाटलं, बर्फाचं पाणी सांडलं.

मा-कोपानो : तुम्हाला शेळीचंही वाटलं होतं, रा. तुम्ही त्या बाजूला जा आणि त्या बहिणींचे जोडे भिजलेत का बघा.

मोएंग : जातो.

मा-कोपानो : ओढणी, चादर, काही आहे? माझी घे. नियमात गाय लिहिलीय, शेळी लिहिलीय, मेंढी, डुक्कर, रानातली सगळी खुरांची जनावरं. बाईचं काही लिहिलेलं नाही. तुला खूर नाहीत ना?

गोराता : नाहीत, मा.

मा-कोपानो : मग ही बरण्यांची झाकणं लाव परत. बर्फ वर सार. रडतेस कशाला, सुटलं ना.

गोराता : रडत नाही.

मा-कोपानो : नाव काय लेकीचं?

गोराता : लारोना.

मा-कोपानो : आणि तुझं?

गोराता : गोराता.

मा-कोपानो : म्हणजे ग्वेट्यात तुझ्या आईला मा-गोराता म्हणत असतील.

गोराता : हो. डाकघरामागची मा-गोराता.

मा-कोपानो : आणि तुला मा-लारोना म्हणून कोण हाक मारतं?

गोराता : गावात मारतात. गाडीवर कोणी नाही.

मा-कोपानो : हं. मला सगळे मा-कोपानो म्हणतात. कोपानो माझा थोरला. त्याच्या वेळी मी घरी होते, आईनं तीन महिने अंगणाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. दुसऱ्या वेळी ही नोकरी होती. घर पार तिकडे, मी इकडे फाटकावर. दुपार झाली की छाती दगडासारखी व्हायची. त्या पत्र्याच्या खोलीमागे जाऊन वाळूत पिळून यायचे. रोज. बर्फ कुठला तेव्हा. वाळू एका क्षणात पिऊन टाकायची.

गोराता : आणि बाळ?

मा-कोपानो : वाढलं. उंच आहे माझ्यापेक्षा. पण ती जागा मला अजून दिसते. जा आता, तुझा शेळीवाला हॉर्न वाजवतोय. ओढणी राहू दे. परत जाताना फाटकावर दे.

*

मोएंग : खिडकी लाव. धूळ येतेय.

गोराता : रा, मी चुकले.

मोएंग : मी तुला विचारलं होतं. स्वच्छ शब्दांत. घरी लहान कोणी आहे का.

गोराता : हो.

मोएंग : आणि तू माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणालीस.

गोराता : आहे म्हटलं असतं, तर घेतलं असतंत?

मोएंग : ...नसतं घेतलं.

गोराता : मग?

मोएंग : मग काय. मग खोटं बोलायचं? मी ऑफिसात तुझ्यासाठी शब्द टाकला. उद्या तूही कोणाच्या गाडीत बसून निघून गेलीस तर? पुन्हा डब्यातला घेवडा?

गोराता : नाही जाणार. म्हणून तर दूध साठवत होते. तुम्ही सगळे उठायच्या आधी उठून, तंबूत, बॅटरी तोंडात धरून. एक दिवस जेवण चुकलंय का तुमचं? पाहुण्यांचा एक कप उशिरा गेलाय?

मोएंग : नाही. ते नाही.

गोराता : रा, त्या मुलाचं काय झालं?

मोएंग : कोणत्या मुलाचं?

गोराता : दिनेओच्या. आजारी होतं म्हणून ती गेली ना. मग बरं झालं का ते?

मोएंग : मी विचारलं नाही. रागात होतो. पाहुण्यांनी वाईटसाईट लिहिलं होतं, ऑफिसानं बोलणी घातली होती. तिचा नंबर फोनमध्ये आहे अजून. लावलाच नाही कधी. ...हत्ती आहे का गं तो उजवीकडे? पाहुण्यांना काच वाजवून दाखव.

गोराता : झुडूप आहे, रा.

मोएंग : असू दे. डोळ्यांत धूळ गेली.

गोराता : पाणी देऊ?

मोएंग : नको. तू काही देऊ नकोस मला प्यायला. आधीच जे प्यायलोय त्याचं काय करू ते कळत नाहीये. बायकोला काय सांगू? तिला शेळीचं म्हणून सांगून बसलोय.

गोराता : खरं सांगा.

मोएंग : वेडी आहेस. आता तुझं आणि माझं एक झालं. तू ऑफिसात माझं सांगायचं नाहीस, मी तुझं सांगणार नाही. सगळ्या ड्रायव्हरांत पसरलं तर मला माऊनमध्ये तोंड दाखवता येणार नाही. मला शेळी म्हणतील. नाही, करडू म्हणतील.

गोराता : मी कोणाला नाही सांगणार.

मोएंग : आणि एका हिशेबानं बघ, मी तुझ्या लेकीचा दूधभाऊ झालो. या वयात बहीण मिळाली. ती थोरली का मी थोरला?

गोराता : ती थोरली. तिनं आधी प्यायलं.

मोएंग : म्हणजे तिचं ऐकावं लागणार. भावानं बहिणीचं खाल्लं, वर तिच्या दारावरून न थांबता गेला, हे बरं दिसत नाही. ग्वेटा केवढं राहिलं?

गोराता : तो मोठा बाओबाब दिसला की आलंच. रा, पण रोहित पक्षी?

मोएंग : पाहुण्यांना सांगतो, इंजिन तापलंय. थंड होईपर्यंत झाडाखाली थांबावं लागेल. तो म्हातारा बाओबाबाला प्रदक्षिणा घालत बसेल, त्या बहिणी गाढवांचे फोटो काढतील. आफ्रिकेत गाडी बंद पडली नाही तर त्यांना फेरी पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

*

आई : तिथेच थांब. ओंडका ओलांडू नकोस.

गोराता : आई, ती रडतेय.

आई : ऐकू येतंय मला. सकाळपासून मीच ऐकतेय. बस तिथे ओंडक्याबाहेर. पाय थंड होऊ देत.

गोराता : फार वेळ नाही, आई. गाडी उभी आहे.

आई : गाडीचे पाय गरम असले तर मला काय त्याचं. हा कोण?

मोएंग : दुमेला, मा-गोराता. मी मोएंग. गाडी चालवतो. बरण्या घेऊन आलोय, बर्फासकट. हात धुतलेत.

आई : तुम्हीही तिथेच थांबा, रा.

मोएंग : थांबलोय. मा, आमचे पाय आत्ताच फाटकावर धुतलेत. सोड्याच्या ओल्या पोत्यावर उभे राहून आलोय. सरकारनं धुतलेत.

आई : ते गुरांसाठी. गुरांना झेपेल एवढंच धुतात ते. हे माणसाचं पिल्लू आहे.

गोराता : आई, तिचा आवाज बसलाय. कोरडा येतोय. तू म्हणाली नाहीस सकाळी.

आई : सांगून काय करणार होतीस? गाडीतून उडी मारणार होतीस?

मोएंग : मा, एक विचारू? पाय थंड होणं हेच महत्त्वाचं ना? बसून राहण्याचं काही आहे का?

आई : थंड व्हायला हवेत. कसे होतात ते ज्याचं त्यानं बघावं.

मोएंग : मग गाडीवर पाण्याचा डबा आहे, बर्फाशेजारी ठेवलेला. आणतो. गोराता, बूट काढ.

गोराता : रा, ते पाहुण्यांचं प्यायचं पाणी आहे.

मोएंग : पाहुण्यांना मी सांगेन, इंजिनात घातलं. काढ बूट. मोजेसुद्धा. पुढे कर.

गोराता : गार आहे. फार गार आहे.

मोएंग : हलू नकोस. टाचेवर राहिलं. बोटांच्या मधेही माती आहे, केवढी ही माती. सावुटीपासूनची असेल. मा, बघा, चालेल का?

आई : डावा अजून कोरडा आहे. द्या इकडे तो डबा. तुम्हा पुरुषांना पाय धुता येत नाहीत. ...हं. आता दे तो पाय. घोट्यापर्यंत. केवढी वाळली आहेस गं. जेवतेस की नाही गाडीवर?

गोराता : जेवते.

आई : खोटं. लहानपणापासून खोटं बोलताना तुझे कान हलतात.

मोएंग : हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

आई : झालं. ये आत. ओंडक्यावर पाय देऊ नकोस, ओलांडून ये. हळू. दारामागे आहे, चादरीवर.

गोराता : आई, ती माझ्याकडे बघतच नाहीये. तोंड फिरवतेय. ओळखत नाहीये मला.

आई : रस्त्याचा वास येतोय तुझ्या अंगाला. थांब थोडी. ती ओढणी बाजूला कर, दुसऱ्याच बाईची आहे ना ती. हं. आता घे जवळ. तिच्या गालाला लागू दे.

गोराता : लारोना. ए लारोना. मी आहे गं.

आई : बोलू नकोस. ती शोधतेय. बघ.

गोराता : घेतलं, आई. घेतलं तिनं.

आई : दिसतंय मला. तू श्वास घे. इतकं घाबरून दूध उतरतं का कधी.

मोएंग : मा, बरण्यांचं काय करू? उन्हात ठेवू नका म्हणून सांगितलंय मला. आत आणून देऊ का?

आई : ओंडक्यावर ठेवा, मी घेईन. आणि तुम्ही तिकडे तोंड करून उभे राहा, रा.

मोएंग : तोंड तिकडेच आहे, मा. केव्हापासून. बहीण जेवतेय तर भावानं बघायचं नसतं एवढं कळतं मला.

आई : कोणाची बहीण?

गोराता : नंतर सांगते, आई.

आई : त्या पाहुण्यांना जायचंय ना कुठे. तू सावकाश हो, पण...

गोराता : झालंच. हिचं एका अंगावरचं पिऊन झालं की निघते, रा. पाहुण्यांना उशीर होईल.

मोएंग : दुसरं अंगही होऊ दे. मी जाऊन बॉनेट उघडं ठेवतो. इंजिन अजून गरम आहे, मा-लारोना.